पाय टेकला नव्हता

सोलापूर जिल्ह्यात काही वर्षं सावकाश सायकल चालवण्याची स्पर्धा सरकारी क्रीडास्पर्धांत होती, हे आता फार थोड्यांना माहीत आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना बहुतेक एवढंच आठवतं की सरकारी मान्यतेसाठी घेतलेल्या सामन्यात शहराच्या पूर्वभागातला एक विणकर पाय टेकून बाद झाला आणि टेकलाच नाही म्हणून हटून बसला. यातला पाय टेकल्याचा भाग खोटा आहे. त्या सामन्याची नोंदवही माझ्याकडे आहे, नोंद माझ्या अक्षरात आहे आणि खाली सही माझी आहे. माझं वय आता ब्याऐंशी. हे आणखी पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

मी तेव्हा एका गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणाची हजेरी कापायची, हे माझं काम. राहायला पूर्वभागातल्या एका गल्लीच्या तोंडाशी भाड्याची खोली होती. गल्ली तेलुगू विणकरांची. घराघरांत हातमाग, आणि गल्लीत पाजणी.

पाजणी म्हणजे मागावर चढवायच्या सुताला खळ देणं. हे काम घरात होत नसे, कारण सूत पूर्ण लांबीला ताणावं लागतं. सकाळी उजाडताच गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फुलीसारख्या बांधलेल्या बांबूच्या कैच्या रोवून त्यांवर हजारो तारांचा ताणा पसरायचे. मग घरातली बायामाणसं दोन्ही बाजूंनी त्यावर खळ शिंपडत, लांब कुंच्यानं ती तारांत मुरवत मागेपुढे चालायची. ताणा आणि गटार यांच्यामध्ये जेमतेम दोन फुटांची वाट उरायची. तेवढ्यातूनच कामावर जायचं.

सायकलवरून उतरून जावं तर माणूस आणि सायकल शेजारी शेजारी मावत नाहीत. जोरात जावं तर धूळ उडून ओल्या सुतावर बसते. म्हणून सायकलवरच बसून, अगदी हळू, धूळ न उडवता आणि पाय न टेकता जायचं. मधे पाजणीवाल्या बाया येतील तिथे थांबायचं, पण थांबायचं तेही पाय न टेकता. कारण त्या दोन फुटांत पाय टेकला की तो हमखास कैचीला लागायचा आणि तारा तुटायच्या.

तारा तुटल्या तर काय करायचं याची गल्लीत एक रीत होती. ज्याचा पाय लागला त्यानं स्वतःच “लागला” म्हणायचं, सायकल भिंतीला लावायची आणि तुटलेल्या तारा बसून सांधायच्या. कितीही उशीर होवो. दुसऱ्या कोणी बोट दाखवायचं नाही. पाठीमागून येणाऱ्यानं पाहिलं असलं तरी तो गप्प राहायचा. सांगायचं ज्याचं त्यानं. आणि न सांगता पुढे गेलेल्या माणसाशी गल्ली फारसा संबंध ठेवत नसे.

खोली घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशी माझा पाय लागला. सात तारा तुटल्या. मी “लागला” म्हणालो, कारण तसं म्हणायचं असतं हे घरमालकानं आधीच सांगून ठेवलं होतं. अर्धा तास बसून गाठी मारल्या. एक म्हातारी बाई शेजारी उभी राहून बघत होती. माझं झाल्यावर तिनं सातही गाठी सोडल्या आणि पुन्हा मारल्या. गल्ली हसली. मी गिरणीत उशिरा पोचलो आणि स्वतःच्या नावापुढे स्वतःच लाल शाईनं खूण केली.

त्याच दिवशी संध्याकाळी अण्णा माझ्या खोलीवर आला. गल्लीच्या मध्यावर त्याचं घर. तयार लुगड्यांचे गठ्ठे सायकलला बांधून पेठेतल्या दुकानांत पोचवायचं काम तो करायचा, उरलेल्या वेळेत माग. पस्तिशीचा असेल. बारीक, काळा, कायम अनवाणी.

“सायेब, तुमी सायकलला पुढं ढकलताय,” तो म्हणाला. “ढकलू नका. तिला खाली बसू द्या.”

“म्हणजे काय?”

“चला दाखवतो की.”

त्यानं माझीच सायकल घेतली, सीटवर बसला, हँडल जरासं डावीकडे वळवलं आणि थांबला. नुसता थांबला. पुढचं चाक एक बोट पुढे जायचं, पुन्हा अडायचं. त्याचा एक हात ब्रेकवर होता, एक पाय अर्ध्या पायंडलवर. मी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं उत्तर दिलं, पुन्हा विचारलं, त्यानं कानामागची विडी काढून पेटवली, आणि हे सगळं होईपर्यंत सायकल हातभरसुद्धा पुढे गेली नव्हती. तो माणूस सायकलवर घरच्या ओट्यावर बसल्यासारखा बसला होता.

सुट्टीच्या दिवशी गल्लीत पाजणी नसे, तेव्हा याच वाटेवर शर्यत लागायची. कोळशानं दोन रेघा मारायच्या. पन्नास फुटांचं अंतर. जो शेवटी पोचेल तो जिंकला. पाय टेकला तर ज्यानं टेकला त्यानं “लागला” म्हणून बाजूला व्हायचं. पंच नव्हता, घड्याळ नव्हतं. बक्षीस म्हणजे हरलेल्यांनी चहा पाजायचा. अण्णानं स्वतःच्या पैशानं चहा प्यायल्याचं मी पाहिलं नाही.

हा खेळ मान्यतेला न्यायची कल्पना आप्पांची. आप्पांचं सायकलचं दुकान होतं, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की पुन्हा कानडी. त्यांच्या दुकानात एका शाळेतले कवायतीचे मास्तर येऊन बसत. मीही बसत असे. बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन वर्षं गेली होती, माणसं पुन्हा खेळाबिळाचं बोलायला लागली होती.

“खो-खोला मान्यता हाय, कबड्डीला हाय,” आप्पा म्हणाले. “आमच्या सायकलीनं काय घोडं मारलंय? जोरात पळवायची शर्यत सगळीकडं हाय. त्यात काय, ताकद असली की झालं. हळू चालवायला डोकं लागतं की.”

आम्ही मंडळ स्थापन केलं. आप्पा अध्यक्ष, मास्तर उपाध्यक्ष, मी चिटणीस. मी मंडळाच्या नावाचे लेटरहेड छापून घेतले. माझं नाव छापलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात या छापलेल्या नावाचा वाटा आहे.

पहिल्या अर्जाला उत्तर आलं की सदर प्रकार मनोरंजनात्मक स्वरूपाचा असल्यानं क्रीडाप्रकारात मोडत नाही. मी दुसरा अर्ज केला. तेच उत्तर, फक्त तारीख वेगळी. मी तोल, श्वासावरचा ताबा, स्नायूंवरचं नियंत्रण असे शब्द मास्तरांच्या पुस्तकांतून गोळा करून पाच पानी टिपण लिहिलं. असं दीड वर्ष चाललं. शेवटी एक वेगळं पत्र आलं. लेखी नियमावली करा, पंच नेमा, वेळ घड्याळावर मोजा. पुण्याहून एक साहेब येतील, त्यांच्यासमोर सामना घेऊन दाखवा, ते शिफारस करतील.

नियमावली ठरवायला आप्पांच्या दुकानात बैठक झाली. अण्णालाही बोलावलं. तो टायरच्या ढिगावर बसला होता.

मास्तर म्हणाले, “वेळेची मर्यादा घालू. पाच मिनिटांत जो सगळ्यात मागे असेल तो विजयी. नाहीतर सामना संपायचा कधी?”

“मास्तर, टाइम लावला तर मग तो जोरातच झाला की,” अण्णा म्हणाला. “घड्याळाच्या मागं पळायचं. हळू म्हणजे हळू. ज्याला जेवढं राहता येतंय तेवढं राहू द्या.”

मला ते पटलं. मी अण्णाच्या बाजूनं जोरात बोललो. मर्यादा घातली तर खेळाचा प्राण जाईल, असं काहीतरी म्हणालो. मास्तर चिडले, पण नियमावली लिहिणारा मी होतो. मर्यादा राहिली नाही.

मग पंचांचा विषय निघाला.

“पंच कशाला?” अण्णा म्हणाला. “पाय लागला तर आमीच सांगतो की.”

“सरकारला पंच लागतो,” मी म्हणालो.

“म्हणजे पाय अण्णाचा आणि तोंड ह्यांचं!” आप्पा म्हणाले, आणि सगळे हसले. अण्णाही हसला. मग जरा वेळानं तो मला म्हणाला, “बरं. पण माझ्या पट्ट्याला तुमीच थांबा. तुमी तार सांधलीय.”

आणखी एक गोष्ट त्या बैठकीत ठरली, आणि ती माझी सूचना होती. पंचाचा निर्णय वादात पडू नये म्हणून प्रत्येक खेळाडूच्या पट्ट्यावर बारीक चाळलेली माती पसरायची, पाणी मारून हलका रोलर फिरवायचा. म्हणजे पाय टेकला तर ठसा उमटेल. पुरावा राहील. सगळ्यांनी मला शाबासकी दिली.

सामना मास्तरांच्या शाळेच्या मैदानावर होता. मार्च संपत आला होता. सहा पट्टे, फक्कीनं आखलेल्या कडा, प्रत्येक पट्ट्याला एक पंच. स्टॉपवॉच मी गिरणीतून परवानगी काढून आणलं होतं. साहेब नऊला येणार होते, ते अकराला आले. जीपमधून उतरतानाच त्यांनी सांगितलं की दुपारी मंगळवेढ्याला दुसरा कार्यक्रम आहे, एकच सामना पाहता येईल.

सहा जण सुटले. त्यातले तीन पहिल्या दोन मिनिटांत बाद झाले. तिघांनीही पंचाच्या आधी स्वतःच हात वर केला. एक जण तर सवयीनं “लागला” म्हणून मोठ्यानं ओरडला आणि लोक हसले. चौथा घाबरून पुढे सरकत गेला आणि रेघ ओलांडून मोकळा झाला. राहिले दोघे, अण्णा आणि एक टपालवाला. टपालवाला पंधरा-वीस फूट पुढे होता. अण्णा मागे होता, म्हणजे जिंकत होता. टपालवालाही कच्चा नव्हता. रोज सायकलवर बसूनच दारोदार पत्रं देणारा माणूस तो. त्यानंही सायकल अडवून धरली.

आणि मग काहीच घडेना.

खेळ हाच होता. ज्यांना कळत होतं ते श्वास रोखून बघत होते. गल्लीतली माणसं मैदानाच्या उजव्या कडेला उकिडवी बसली होती, तिथून अण्णाचा डावा पाय दिसत नव्हता. अण्णाच्या पायाचा अंगठा पायंडलवर दाबला जायचा, सुटायचा, दाबला जायचा. पण खुर्चीवरून पाहणाऱ्याला दोन माणसं उन्हात सायकलवर बसलेली दिसत होती, एवढंच.

“हे पुढे का जात नाहीत?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, जो मागे राहील तो जिंकणार,” मास्तर म्हणाले.

“ते कळलं. पण संपणार कधी?”

मी अण्णाच्या पट्ट्याशी, त्याच्या डाव्या हाताला उभा होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरला हात केला. मांडीवरची फाइल मिटली आणि तिची नाडी बांधायला घेतली. मास्तर उठून माझ्यापाशी आले आणि दुसरीकडे बघत म्हणाले, “फाइल बांधली त्यांनी. दीड वर्ष गेलं पाण्यात. बघा काहीतरी.”

मी स्टॉपवॉचचं बटण दाबलं आणि ओरडलो, “पाय! बाद!”

हे मी ठरवून केलं. घाबरून, गडबडीत, उन्हानं भोवळ येऊन असं काही नव्हतं. बटण दाबण्याआधी मी अण्णाच्या दोन्ही पायांकडे नीट पाहिलं होतं. दोन्ही पायंडलवर होते.

अण्णा पडला नाही, दचकलाही नाही. सायकलवर बसूनच त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

“न्हाय,” तो म्हणाला.

“टेकला,” मी म्हणालो.

तो खाली उतरला. उतरतानाही माझ्या बाजूच्या मातीवर पाय पडू नये म्हणून उजवीकडून, पट्ट्याच्या बाहेर उतरला. सायकल धरून त्यानं हात केला. “बघा की. ठसा कुटं हाय?”

साहेब फाइल घेऊन खुर्चीवरून उठले होते आणि काय झालं म्हणून आमच्याकडे येत होते. टपालवाला पुढे बघत होता, त्याला मागचं काही कळलं नव्हतं. आप्पा त्याला ओरडून सांगत होते, “ये आता, ये, जिंकलास!” सगळ्यांची तोंडं त्या बाजूला होती. मी एक पाऊल पुढे टाकलं. पुढच्या चाकाच्या डाव्या बाजूला, जिथे अण्णाचा पाय पडला असता तिथे, माझा उजवा पाय ठेवला, टाच दाबली आणि मागे घेतला.

“हा काय,” मी म्हणालो.

मी केलं ते एवढंच. पण त्यात एक चूक होती. अण्णा अनवाणी होता आणि ठसा चपलेचा उठला होता. अण्णानं ठशाकडे पाहिलं, माझ्या चपलेकडे पाहिलं. मास्तर शेजारीच होते, त्यांच्याही लक्षात आलं. साहेब पोचायच्या आत ते “काय झालं, काय झालं” करत त्या ठशावरच येऊन उभे राहिले आणि बुटानं माती पसरली.

“ठसा होता साहेब, मी पाहिला,” मास्तर म्हणाले.

साहेबांनी खाली बघितलंसुद्धा नाही. “पंचांचा निर्णय अंतिम असतो,” ते म्हणाले. मग वाद नको म्हणून अण्णाकडे बघून जरा हसले. “खिलाडूवृत्ती ठेवा.”

अण्णा साहेबांशी बोललाच नाही. तो मला म्हणाला, “लागला असता तर मीच म्हणलो असतो की, सायेब.” आणि सायकल हातात धरून चालत मैदानाबाहेर गेला. त्या दिवशी तो सायकलवर बसून गेला नाही, हे मला अजून दिसतं.

टपालवाल्याला हार घातला. तो अवघडून म्हणाला, “मला मागचं काय दिसलं न्हाय हो, मी पुढं बघत होतो.” साहेबांना सोलापुरी चादर दिली. जाताना त्यांनी छोटंसं भाषण केलं आणि त्यात पंचांच्या तत्परतेचं कौतुक केलं. शिफारस झाली. पुढच्या वर्षी सावकाश सायकल जिल्ह्याच्या स्पर्धांत आली.

नोंदवहीत मी लिहिलं: “पट्टा क्र. चार. सहा मिनिटं अकरा सेकंद. डावा पाय टेकला. बाद.”

आता गल्लीत काय झालं ते सांगितलं पाहिजे, कारण माझा खरा अपराध तिथला आहे. सामना हरण्याचं गल्लीला काही वाटलं नसतं. पण पंचानं सांगितलं होतं, ठसा होता, मास्तरांनी पाहिला होता, आणि तरीही अण्णा पाय लागला नाही म्हणत होता. गल्लीच्या रीतीप्रमाणे याचा एकच अर्थ होता. हा पाय लपवणारा माणूस. अण्णानं घरोघर जाऊन सांगितलं नाही. कोणी विचारलं तर एकदाच “न्हाय लागला” म्हणायचा. माझ्या चपलेचं त्यानं कोणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दुसऱ्याच्या पायाकडे बोट दाखवायचं नाही, ही त्याच्या गल्लीची रीत होती. याखेरीज मला कारण सापडत नाही.

एकदा सकाळी पाजणी चालू असताना कोणाच्या तरी धक्क्यानं तारा तुटल्या आणि तो माणूस घुटमळला. तेव्हा कुंचा फिरवणारी बाई म्हणाली, “लागला म्हण की बाबा. अण्णा होऊ नकोस.” सगळे हसले. मी सायकल घेऊन दारातच उभा होतो. मीही हसलो.

त्यानंतर अण्णा पाजणीच्या वेळी गल्लीतून जाईनासा झाला. गठ्ठे बांधून मागच्या बोळातून, मोठा वळसा घालून जायचा. वर्षाच्या आत मी खोली सोडली आणि गिरणीच्या चाळीत राहायला गेलो. लोकांना सांगितलं की कामावर जवळ पडतं.

मंडळाचा चिटणीस म्हणून मी पुढे काही वर्षं मिरवलो. बिल्ला लावून तालुक्याचे सामने घ्यायला गेलो. जेऊरला रेल्वेनं गेलो तेव्हा स्टेशनवर हार घालून घेतला. पण दुसऱ्याच वर्षी वरून पत्र आलं की सामना दोन मिनिटांत संपलाच पाहिजे. मास्तरांचीच जुनी सूचना, आणखी आवळून. मग खेळाडू दोन मिनिटांचा हिशेब करून चालवायला लागले. अण्णा म्हणाला होता तसंच, घड्याळाच्या मागे. बघायला कोणी येईना. आणखी दोन-तीन वर्षांनी खेळ यादीतून काढला. त्या पत्रातही तेच जुने शब्द होते, मनोरंजनात्मक स्वरूपाचा. आता हा प्रकार स्नेहसंमेलनात, पोत्याच्या शर्यतीच्या आधी घेतात.

मला कधी कधी वाटतं, खेळ टिकला असता तर मी स्वतःला काहीतरी सांगून समजूत घातली असती. तीही सोय राहिली नाही.

आप्पा गेले, मास्तर गेले, टपालवाला गेला. गिरणी बंद पडली. हातमाग कमी होत गेले, पाजणी यंत्रावर गेली. अण्णा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लागल्याचं कानावर आलं होतं. मी सोलापुरातच होतो. त्याच्या घरापासून सायकलनं वीस मिनिटांवर. पंचेचाळीस वर्षांत मी त्या गल्लीत गेलो नाही.

गेल्या वर्षी कपाट आवरताना नोंदवही निघाली. दोन महिने ती टेबलावर होती. मग पत्ता काढत गेलो. अण्णा आता एमआयडीसीजवळ मुलाकडे राहतो. दारात खुर्ची टाकून बसला होता. अजून अनवाणीच. मी नाव सांगण्याआधी त्यानं माझ्या पायाकडे पाहिलं.

“या सायेब.”

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. पाय टेकला नव्हता, मला माहीत होतं, ठसा माझा होता. घरातून पाठ करून गेलो होतो तरी मधे दोनदा अडखळलो.

तो ऐकून म्हणाला, “मला काय सांगताय? मला ठाव हाय की. पाय माझा हाय.”

मी पिशवीतली नोंदवही बाहेर काढली.

“टाइम किती झाला होता?” त्यानं विचारलं.

“सहा मिनिटं अकरा सेकंद.”

“त्यो तुमचा टाइम. तितं तुमी बंद केलं.” रस्त्यावरून पहिल्या पाळीचे कामगार सायकलवरून घरी चालले होते. “मी अजून होतो की. लई होतो. त्यो टपालवाला दमला होता, त्याचा खांदा हलत होता. मी दमलो नव्हतो.”

“माफ कर,” मी म्हणालो.

“ते राहू द्या. गल्लीला सांगा. माझी बायको मरेपर्यंत पाजणीला जात होती. तिला ऐकावं लागलं.”

सून चहा घेऊन आली. त्यानं कप माझ्यापुढे सरकवला आणि दुसरं काहीतरी बोलायला लागला. गुडघे, मुलाची पाळी असं काहीबाही. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

तिथून मी थेट गल्लीत गेलो. ओटे तेच होते, वर मजले चढले होते, वाटेत मोटरसायकली उभ्या होत्या. कोपऱ्यावरच्या हॉटेलात चार माणसं होती. मी त्यांना सांगितलं. तिघांना अण्णा कोण हेच माहीत नव्हतं. चौथा माझ्याच वयाचा होता, त्यानं पूर्ण ऐकून घेतलं. बशीत ओतलेला चहा तसाच राहिला.

“मग आमी इतकी वर्षं म्हणत होतो ते?” तो म्हणाला.

“ते खोटं होतं.”

“आणि आत्ता सांगताय व्हय?”

“हो.”

“लई लवकर आलासा,” तो म्हणाला आणि उठून गेला.

बाकीची गल्ली पांगली आहे. कोणी मुलांकडे भिवंडीला, कोणी सुरतेला. त्या सगळ्यांच्या दारात मी जाऊ शकत नाही, म्हणून हे लिहिलं. त्यांच्यापैकी कोणाच्या हाती पडलं तर त्यानं पुढच्याला सांगावं.

नोंदवहीतली जुनी ओळ मी खोडलेली नाही. खोडली तर वाटेल की तिथे काही नव्हतंच. तिच्याखाली लाल शाईनं, आजची तारीख घालून लिहिलं आहे: “पट्टा क्र. चार. पाय टेकला नाही. मातीतला ठसा पंचाच्या चपलेचा होता. घड्याळ बंद केलं तेव्हा खेळाडू सायकलवर होता. वेळ अपूर्ण.” खाली सही केली आहे.